बालकाच्या अपराधामागील प्रौढ : कायद्याची दृष्टी आणि मर्यादा
(व्याख्यानाचा मजकूर)



बालगुन्हेगारीची चर्चा सामान्यतः मुलाने काय केले या प्रश्नापासून सुरू होते. ते त्याच्याकडून कोणी करविले आणि कोणाच्या डोळेझाकीमुळे घडले, हा प्रश्न कायद्यात पुष्कळ उशिरा आला. अमेरिकेतील शिकागो येथे १८९९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९०३ मध्ये, कोलोरॅडो राज्याने मुलाच्या अपराधाला हातभार लावणाऱ्या प्रौढालाच शिक्षापात्र ठरविणारा कायदा केला. डेन्व्हरचे न्यायाधीश बेन लिंडसे हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते.

भारतात मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले. स्वातंत्र्यानंतर केंद्रशासित प्रदेशांसाठी झालेल्या १९६० च्या बालक अधिनियमात क्रूरता, मुलास भीक मागावयास लावणे, मादक पदार्थ देणे आणि बालकामगाराचे शोषण हे प्रौढांचे अपराध मानले गेले. १९८६ व २००० च्या बाल न्याय कायद्यांनी हीच चौकट पुढे चालविली. २००० च्या कायद्यात क्रूरतेला कमाल सहा महिन्यांची शिक्षा होती. १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ ने ती तीन वर्षांपर्यंत नेली आणि अपराधांची व्याप्तीही वाढविली.

परीक्षार्थी कलमांचे क्रमांक पाठ करतात. परंतुके वाचावयाची राहून जातात. या कायद्याचे मर्म मात्र बहुतांशी परंतुकांतच आहे. कलम ७५ अन्वये, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्यास अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील अशा रीतीने मारहाण केली, टाकून दिले वा हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बालगृहासारख्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने हे केले, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. परंतु जन्मदात्या मातापित्यांनी आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मुलाचा त्याग केला असल्यास तो हेतुपुरस्सर नाही असेच गृहीत धरावयाचे आणि शिक्षेची तरतूद लागू करावयाची नाही. दारिद्र्य आणि दुर्लक्ष यांतील सीमारेषा कायद्याने येथे प्रयत्नपूर्वक आखली आहे. शिवाय कलम ३५ नुसार असे मातापिता बाल कल्याण समितीपुढे मूल रीतसर सुपूर्द करू शकतात आणि निर्णयाचा फेरविचार करण्यास त्यांना दोन महिन्यांची मुदत मिळते.

अडचण अशी की, भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये हे परंतुक नाही. बारा वर्षांखालील मुलाचा पूर्णतः त्याग करण्याच्या हेतूने त्यास उघड्यावर सोडणाऱ्या पालकास तेथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १८६० च्या दंड संहितेतील कलम ३१७ चाच तो वारसा होय. सबब अगतिक मातेच्या वाट्याला कोणती दृष्टी येणार, हे प्राथमिक माहिती अहवालात कोणते कलम लिहिले जाते यावरही अवलंबून राहते.

कलम ७६ भीक मागावयास लावण्याविषयी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मुलाला त्यासाठी अपंग केल्यास किमान सात व कमाल दहा वर्षे. यातीलही परंतुक महत्त्वाचे आहे. पालकच यात सामील असेल, तर मुलाला त्याच्या ताब्यातून काढून समितीपुढे नेले जाते आणि असे मूल कोणत्याही परिस्थितीत विधिसंघर्षग्रस्त मानले जात नाही. हाच विवेक ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दाखविला. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधील भीक मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द करताना, दुसऱ्यास भीक मागावयास लावणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ११ न्यायालयाने कायम ठेवले.

मुलाला मद्य, तंबाखू वा अंमली पदार्थ देणे (कलम ७७), अशा मादक पदार्थांच्या विक्री-वाहतुकीसाठी त्याचा वापर करणे (कलम ७८) आणि बेकायदा कृत्यांत त्यास ओढणे (कलम ८३) या प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. न्याय संहितेचे कलम ९५ आणखी पुढे जाते. गुन्ह्यासाठी मुलाची नेमणूक करणाऱ्यास तीन ते दहा वर्षे शिक्षा असून, गुन्हा प्रत्यक्ष घडल्यास तो त्याने स्वतः केला असे समजून त्याचीही शिक्षा भोगावी लागते.

मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ ने तर पुराव्याचा भारच फिरविला. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाची वा वाहनमालकाची संमती होती असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहिती नव्हती किंवा योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. अन्यथा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे अल्पवयीन चालकाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणात पित्याविरुद्ध नोंदविलेल्या गुन्ह्यात बाल न्याय कायद्याची कलमे ७५ व ७७ होती. एरवी ही कलमे झोपडवस्तीतील पालकांसाठीच आहेत असा समज असतो!

शिक्षा कठोर झाल्या. अंमलबजावणीचे दार मात्र अरुंद झाले. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेचे या कायद्यातील गुन्हे अजामीनपात्र परंतु अदखलपात्र ठरविले. कलमे ७७, ७८ व ८३ त्यातच मोडतात, तसेच अपंगत्व आणलेले नसताना भीक मागावयास लावण्याचा अपराधही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अशा प्रकरणी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. चौकातील सिग्नलवर मुलाला भीक मागावयास लावणारा इसम समोर दिसत असूनही शिपायाला आधी आदेश मिळवावा लागतो, आणि तोवर ती टोळी दुसऱ्या शहरी निघून गेलेली असू शकते.

मुलाच्या संरक्षणाचा मार्ग मात्र या अडथळ्यावर अवलंबून नाही. कलम ३१ अन्वये पोलीस, लोकसेवक, समाजसेवक, परिचारिका, किंबहुना ते मूल स्वतःही बाल कल्याण समितीपुढे येऊ शकते आणि कोणीही मुलाला आणल्यास ते चोवीस तासांच्या आत हजर करावे लागते. १०९८ हा साहाय्य क्रमांक त्यासाठीच आहे.