पहिल्या पायरीचे न्यायालय

आर्वीकडच्या एखाद्या गावी शेजाऱ्याने नांगरट करताना वावराचा धुरा दोन हात आत सरकवला, वडीलधाऱ्यांनी समजूत घालूनही तो मागे घेतला नाही, आणि अखेर शेतकरी सातबाऱ्याचा उतारा व मोजणीचा नकाशा पिशवीत घालून वकिलाकडे गेला, म्हणजे तो एका अशा व्यवस्थेत पाऊल टाकतो, की जिची पहिली पायरी तालुक्याच्या गावी आहे आणि शेवटची दिल्लीस. या पहिल्या पायरीला 'खालचे कोर्ट' म्हणण्याची रीत आपल्यात पडली आहे, आणि त्या एका शब्दामुळे तिच्या योग्यतेविषयी मोठा गैरसमज होतो.

आर्वी, हिंगणघाट अशा ठिकाणी दिवाणी न्यायाधीश बसतात आणि बहुधा तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. त्यांच्यावर जिल्ह्याचे मुख्य न्यायालय वर्धा येथे. तेथील प्रमुख दिवाणी कामात जिल्हा न्यायाधीश आणि फौजदारी कामात सत्र न्यायाधीश, व्यक्ती एक आणि अधिकार दोन. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो, आणि तेथे फाशी सुनावली गेली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्यावाचून अमलात येत नाही. वर्ध्याच्या वरची पायरी नागपूरची. १९३६ साली तेथे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हापासून नागपूरचे खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचे अंग आहे.

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये निराळी आणि घटक राज्यांची निराळी, असे दोन जिने शेजारी शेजारी उभे आहेत. आपल्याकडे जिना एकच: संसदेने केलेला कायदा असो वा विधिमंडळाने, वर्ध्याचे न्यायालय दोन्ही सारख्याच अधिकाराने लावते.

पण हा जिना पूर्वी कारभारापासून वेगळा नव्हता. इकडच्या मध्यप्रांताच्या आरंभीच्या काळी महसूल वसूल करणारा डेप्युटी कमिशनरच खटलेही ऐकत असे. ज्याच्या हुकमाविरुद्ध तक्रार, त्याच्याच कचेरीत दाद, अशी रयतेची अवस्था होती. संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदाने न्याय आणि कारभार यांची फारकत हे राज्याचे ध्येय ठरविले, आणि २३५ व्या अनुच्छेदाने जिल्ह्यातील न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले. म्हणूनच आज आर्वीच्या न्यायाधीशाला कलेक्टरांच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही.

आता आपल्या धुऱ्याकडे परत येऊ. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत दाखल झाली, मुद्दे निघाले, तारखा पडल्या. एके दिवशी पुकारा होतो आणि शेतात आयुष्यभर राबलेला दुसरा एक वृद्ध शेजारी साक्षीला उभा राहतो. उलटतपासणीत वकील विचारतो, ''धुऱ्यावरचे बाभळीचे झाड कोणी तोडले?'' म्हातारा क्षणभर थांबतो, प्रतिवादीकडे पाहतो, आणि मग उत्तर देतो. ते थांबणे आणि ते पाहणे न्यायाधीशाने डोळ्यांनी टिपलेले असते. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदविण्याची मुभाही कायद्याने त्याला दिली आहे. पुढे अपिलात कागद वर्ध्यास जातील, नागपुरासही जातील. परंतु म्हाताऱ्याचे शब्द पोचतील, त्याचा चेहरा पोचणार नाही. अपिलात नवा पुरावा क्वचितच घेतला जातो, आणि दुसरे अपील तर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावाचून उभेच राहत नाही. धुरा खरोखर कोठे होता, हे ठरण्याची खरी जागा आर्वीची आहे. वरची न्यायालये मुख्यतः हे पाहतात, की ते ठरविताना चूक झाली की काय.

म्हणून, श्रोतेहो, ''येथे हरलो तर वर पाहू'' या भरवशावर पहिल्या न्यायालयात गैरहजर राहू नका, कागद घरी ठेवू नका, साक्षीचे समन्स चुकवू नका. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाचे पक्षकार यांना तेथे मोफत वकील मिळतो. आणि शेजाऱ्याच्या वादात साक्षीचे बोलावणे आले, तर पेरणीची घाई असली तरी जा. त्या दिवशी तुम्ही जे खरे सांगाल, तेच पुढे दिल्लीपर्यंत वाचले जाणार आहे; आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर ते कोणत्याही पायरीवर कोणाला सापडणार नाही.