तिसरीचा वर्ग, पहिलीचं गणित



पालकसभेला गेलात की शाळेबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वर्गात मुलं फार, पुस्तकं वेळेवर नाहीत, शिक्षक कमी, आणि जे आहेत ते सर्वेक्षणाच्या नाहीतर निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. तक्रारी खऱ्याच आहेत. पण यातली एखादी गोष्ट दुरुस्त केली तर मुलं खरोखर जास्त शिकतात का? याचं उत्तर आपण बहुतेक वेळा अंदाजाने देतो. ते मोजूनही पाहता येतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते मोजलं गेलं आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या मुंबईत, महापालिकेच्या शाळांत झालं.

आधी थोडं केनियाबद्दल. १९९०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम केनियातल्या ग्रामीण शाळा निवडल्या. तिथे चार-पाच मुलांत मिळूनही एक पुस्तक असेल याची खात्री नव्हती. काही शाळांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, पाठ्यपुस्तकं दिली. बाकीच्यांना त्या वेळी दिली नाहीत. मग दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीपासूनच वर्गात वर असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि तिथल्या अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. घरात मातृभाषा, मग स्वाहिली, मग इंग्रजी. पुस्तक हातात आलं, पण ज्याला ते वाचताच येत नव्हतं त्याने त्याचं काय करायचं?

आता मुंबई. १९९४च्या सुमारास ‘प्रथम’ ही संस्था इथे सुरू झाली. माधव चव्हाण हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फरीदा लांबे या समाजकार्याच्या अध्यापिका, हे तिचे संस्थापक. सुरुवात झाली वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून. नंतर लक्षात आलं की शाळेत जाणारी, तिसरी-चौथीत बसणारी कितीतरी मुलं अक्षरांवरच अडकली आहेत. त्यांच्यासाठी ‘बालसखी’ आली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, बहुधा शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. मानधनाची ही रक्कम मला आजही खटकते. प्रयोग स्वस्त ठरला त्यात तिचा वाटा मोठा होता. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची. काय शिकवायची? पहिली-दुसरीचंच. अक्षरं, साधे शब्द, अंक, बेरीज, वजाबाकी.

अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची पाहणी केली. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. मराठी माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगितलं.) पाहणीची रचना साधी होती. काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली, उरलेल्या शाळांत वेगळ्या इयत्तेला. म्हणजे कुठलीच शाळा रिकामी राहिली नाही, आणि तुलनेला त्याच इयत्तेची, बालसखी नसलेली मुलंही मिळाली. पंधरा हजारांहून जास्त मुलांची चाचणी झाली. वडोदऱ्यात सुरुवातीलाच दिसलं की तिसरीत बसलेल्या मुलांपैकी पहिलीचं गणित नीट येणारी शंभरात वीसही नाहीत.

वर्षभराने बालसखी असलेल्या वर्गांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त वाढले. सगळ्यात जास्त फायदा झाला तो तळाच्या मुलांचा. खर्च प्रत्येक मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे शंभरेक रुपये. मात्र कार्यक्रम थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा मिळवलेल्यातलं बरंचसं ओसरलं होतं. सगळं नाही, पण बरंचसं. या प्रयोगाचं कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो.

मला यातला सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष वेगळाच वाटतो. पंधरा-वीस मुलं बालसखीकडे गेली, तेव्हा मूळ वर्गात शिक्षकांपुढे पटसंख्या आपोआप कमी झाली. तेही दिवसातले दोन तास, आणि वर्गातली ‘अप्रगत’ म्हटली जाणारी मुलं बाहेर गेलेली असताना. मागे राहिलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढली का? तसं आढळलं नाही. यावरून साठ-सत्तर मुलांचा वर्ग चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५पासून झालेल्या मोठ्या प्रयोगात, तेरा ते सतरा मुलांच्या वर्गात बसलेली लहान मुलं बावीस ते पंचवीसच्या वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे गेली होती. मुंबईत वर्ग लहान झाला, पण पुस्तकाचं पान तेच राहिलं, शिकवण्याची रीत तीच राहिली.

आणि ती का राहिली, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तो एकच शब्द सांगेल: पोर्शन. सहामाहीच्या आत अमुक धडे झाले पाहिजेत. साहेब तपासणीला आले की पाठ टाचणाची वही बघतात, शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचायला लावतीलच असं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्यातलं एक. त्याच्याच खाली दुसरं आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं. कायद्याने दोन्ही सांगितलं. व्यवहारात पहिल्याचा हिशेब मागितला जातो.

मागे पडलेल्या मुलाला काहीच येत नाही, हाही आपला एक सोयीचा समज. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत दुकानावर, हातगाडीवर बसणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बॅनर्जी आणि डुफ्लो आहेत. आठशे ग्रॅम बटाटे अन् वर दीड किलो कांदे, सुटे किती परत द्यायचे, हे ती मुलं मनातल्या मनात चटकन सांगत. तसाच हिशेब शाळेच्या रीतीने कागदावर मांडून दिला की बरीचशी अडत. आणि कागदावर बरी असलेली शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबाला अडत. दोघांकडेही गणित आहे. एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, कारण वर्गात त्या दोन्हींची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

अशी मागे पडलेली मुलं किती, हे पाहायला ‘प्रथम’ने २००५पासून ‘असर’ हे सर्वेक्षण सुरू केलं. खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलासमोर एक कागद धरायचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २७ टक्के निघाली. करोनानंतर, २०२२मध्ये, हा आकडा साडेवीसवर घसरला होता. म्हणजे आपण भरून काढलं ते २०१८पर्यंतच, कारण तेव्हाही तो २७च्याच घरात होता.

मग शिक्षकांना प्रशिक्षण द्या, असं आपण म्हणतो. बिहारमध्ये ते करून पाहिलं. २००८च्या उन्हाळ्यात सरकारी शाळांच्या शिक्षकांनीच महिनाभर शिबिरं घेतली. मागे पडलेली मुलं आणि वाचन-गणिताचा पाया, एवढंच काम. एका महिन्यात मुलं पुढे सरकल्याचं चाचणीत दिसलं. मग शाळा भरली. शिक्षकांना तीच पद्धत शिकवली, साहित्यही दिलं. एवढ्याने वर्षभरात काहीच हललं नाही. जिथे गावातले स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसत होते, तिथे मात्र फरक पडला. शिक्षकांना येत नव्हतं असं म्हणायची सोय या प्रयोगाने ठेवली नाही. उन्हाळ्यात जे जमत होतं ते शाळा सुरू झाल्यावर पोर्शनखाली दबलं.

हरियाणात २०१२-१३मध्ये दुसरा मार्ग धरला. शाळेच्या दिवसातला एक तास फक्त यासाठी राखून ठेवला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवी या भिंती नाहीत. ज्याला अक्षरं येत नाहीत तो एका खोलीत, ज्याला शब्द येतात तो दुसऱ्या खोलीत. आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे जे तालुका पातळीवरचे पर्यवेक्षक होते, त्यांनी शिक्षकांना शिकवायच्या आधी स्वतः शाळेत काही दिवस हे वर्ग चालवले. नुसतं सभागृहात बसून प्रशिक्षण दिलं नाही. त्यामुळे नंतर ते तपासणीला आले तेव्हा काय विचारायचं हे त्यांना माहीत होतं. तो तास हिंदीचा होता, गणित त्यात घेतलेलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी मुलांचं हिंदी सुधारलं. गणित होतं तिथेच राहिलं.