अखंड चित्रमुद्रण आणि गावची मौखिक संपत्ती
(असोदा येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपली परिषद असोद्यास भरली आहे, हा योग आजच्या विषयास अनुकूल आहे. हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. त्यांचा जन्म येथे १८८० साली झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. काम करता करता त्यांच्या तोंडून जे येई, ते सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून घेतले. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि दुसऱ्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. त्या दोघांनी लेखणी उचलली म्हणून शब्द राहिले. परंतु गळा, हेल, जात्याच्या फेऱ्याबरोबर पुढेमागे होणारे शरीर आणि दोन ओव्यांमधला थांबा लेखणीस टिपता येत नाही. ते काम आज कॅमकॉर्डर करू शकतो. अनेक शाळांच्या कपाटात तो स्नेहसंमेलनापुरता पडून असतो.

हे काम निकडीचे आहे. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ज्यांनी पहाटे स्वतः दळले आणि दळताना गाइले, त्या बायांचे वय आज सत्तर-ऐंशीच्या पुढे आहे. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांतील हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. खानदेशच्या आपल्या गावांत, लेवा गणबोलीत नि अहिराणीत जे आहे, ते आपण नाही तर कोण घेणार?

आता मुख्य सूचना. गाणे सुरू झाले की बटण दाबायचे आणि संपले की थांबवायचे, ही सवय सोडून द्या. कार्यक्रमाच्या चित्रणास ती ठीक. येथे ती घातक आहे. एक ओवी दुसरीला ओढून आणते. आजीबाई मध्येच थांबतात, "हे माझी सासू म्हणे," असे सांगतात, पदर सावरतात, पुन्हा खुंटा धरतात, आणि चाळीस वर्षांत न म्हटलेली एखादी ओवी ओठांवर येते. नेमके त्याच वेळी यंत्र बंद असते! शिवाय "हं, माय, आता म्हणा," असे दर खेपेस सांगितले की त्या परीक्षेस बसल्यागत अवघडतात. म्हणून तिपाईवर कॅमेरा पक्का करावा, एकदा सुरू करावा आणि दोन तास त्याला हात लावू नये.

दोन तास अखंड मुद्रण होईल का, याचे उत्तर आपल्या पाचवी-सहावीच्या गणितात आहे. समजा, यंत्र सेकंदाला २४ मेगाबिट माहिती लिहिते. आठाने भागले की ३ मेगाबाइट. ३६०० सेकंदांनी गुणले की ताशी १०,८०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे पावणेअकरा जीबी. ३२ जीबीचे कार्ड अदमासे तीन तासांना थोडेच कमी पुरेल. हे उदाहरण फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घ्यावे. जुन्या मिनीडीव्ही फितीस मात्र नेहमीच्या गतीने सहसा ६० मिनिटांची मर्यादा असे. अशा भरलेल्या फिती कोणाकडे असतील तर चालू यंत्र मिळते आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात.

मुद्रण संगणकावर पाहताना एकाऐवजी पाच-सहा तुकडे दिसले तर घाबरू नये. अशा कार्डांवरील नोंदपद्धतीत एक फाईल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. म्हणून यंत्र आपणच नवी उघडते. मात्र उतरवून घेताना वेचक फायली न उचलता कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा घ्यावा. सांधे जुळविण्याची माहिती त्यातील लहान लहान फायलींत असते.

कोणी म्हणेल, माझ्या छायाचित्रांच्या कॅमेऱ्यातही चित्रण होते. होते, पण तसले पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. त्याचे मोठे कारण युरोपातील जकात! तीस मिनिटे वा अधिक चित्रण करणारे यंत्र तेथे व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या वर्गात पडे आणि त्यावर कर बसे. तिकडील कराच्या कोष्टकाने आपल्या माउलीची ओवी अर्ध्यावर तुटावी, हे जरा चमत्कारिकच.

विजेचे आपण जाणताच. बॅटरी पूर्ण भारून कॅमेऱ्यातच ठेवावी आणि वर अडॅप्टरही जोडावा; म्हणजे वीज गेली तरी यंत्र बॅटरीवर चालू राहते. उन्हाचे भान अधिक हवे. असे कॅमेरे साधारणतः ४० अंशांपर्यंतच वापरावेत असे निर्माते सांगतात, आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी हा उद्योग नको. दळणाची वेळ पहाटेची. तीच आपलीही असू द्या. दाराचा उजेड आजीबाईंच्या तोंडावर यावा, पाठीमागून नव्हे. पंखा बंद ठेवावा. जात्याची घरघर ओवीला झाकते. वेगळा मायक्रोफोन असेल तर तो गळ्याजवळ लावावा, नसेल तर कॅमेराच दोन हातांवर न्यावा.

गावात जाण्यापूर्वी शाळेत एकदा पूर्ण दोन तासांची चाचणी घ्या. भिंतीवरील घड्याळासमोर कॅमेरा ठेवून विसरून जा. नंतर फायलींच्या सांध्यापाशी सेकंदकाटा उडी मारतो का, ते पाहा. दोन मिनिटांच्या चाचणीतून यातले काहीही कळत नाही.

आणि परवानगी. चित्रण कशासाठी, कोण पाहणार, हे त्या माउलीस तिच्याच बोलीत समजावून सांगावे. नको म्हणाली तर नमस्कार करून परतावे. बायांच्या ओव्यांत सासरच्या गोष्टी असतात. त्या घरातील कर्त्या पुरुषाच्या होकारावर घेऊ नयेत, तिचाच होकार हवा. शक्यतो शिक्षिका भगिनींनी बसावे. झाल्यावर तिला तिचे चित्रण दाखवावे. एखादा भाग पुसा म्हणाली तर पुसावा.

त्याच दिवशी दोन प्रती कराव्यात, एक शाळेत, एक केंद्रावर. वहीत गाणारीचे नाव, माहेर, सासर, तारीख आणि ओव्या कोणाकडून शिकली, हे लिहावे. दोन्ही प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये.