मिरी कुणाकडून घेतली?



जर्मनीत नोकरीला असलेला माझा भाचा ईदच्या सुट्टीत दाभोळला आला, तो एक जड पुठ्ठ्याचा डबा घेऊनच. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव : गोवा. मला वाटलं, आत काजूगर असतील. मग म्हटलं, जर्मनीहून कोकणात काजूगर आणण्याइतका काही हा मुलगा बिघडलेला नाही. निघाला तो पटावरचा खेळ. रुडिगर डोर्न नावाच्या जर्मन गृहस्थानं रचलेला आणि २००४ साली बाजारात आलेला.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. खेळ मला आवडला. ज्या रात्री भाच्यानं तो शिकवला त्या रात्री आम्ही दोन वाजता झोपलो आणि फजरच्या नमाजाला माझे डोळे उघडेनात.

खेळणारे दोन ते चार. सगळेच पोर्तुगीज व्यापारी. मधे चौकोनी तुकड्यांची पाच ओळींची, पाच रांगांची चौकट मांडायची. प्रत्येक फेरीत या तुकड्यांचा लिलाव होतो. कुणाला मसाल्याची बाग मिळते, कुणाला जहाज, कुणाला आणखी काही सवलत. लिलावातली खुबी अशी, की मी पुढे केलेला तुकडा दुसऱ्यानं घेतला तर त्याचे पैसे मला मिळतात. मीच घेतला तर ते पेढीत जातात. त्यामुळे समोरच्याला मोह पाडायचा, पण आपण पडायचं नाही. हे कोकणी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. लिलाव संपला की कामं : जहाजं बांधा, कर गोळा करा, मसाला पिकवा, मोहिमेवर जा, वसाहत वसवा. वसाहतीसाठी पत्ते उलटायचे, वसाहतकऱ्यांची संख्या पुरेशी भरली की वसाहत झाली. आठ फेऱ्या झाल्या की गुण मोजायचे.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, शेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘‘आपा, माझ्याकडे आता मिरी आहे, लवंग आहे, जायफळ पण आलं.’’

तिनं सुपातून मान वर न करता विचारलं, ‘‘मिरी घेतली कुणाकडून?’’

मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. ‘‘मामू, ती डब्यातूनच येते.’’

आपाच्या परसात पोफळीवर मिरीचे वेल आहेत. रोप लावल्यापासून नीट पीक हाती यायला किती वर्षं लागतात आणि वेल किती लाड मागतो, हे तिला ठाऊक आहे. ती ‘हं’ म्हणाली आणि खडे वेचू लागली. मला मात्र तो प्रश्न सोडेना.

तसं पाहिलं तर या खेळातला मसाला गोव्याचा नव्हेच. मिरी मुख्यतः मलबारची, दालचिनी सिलोनची, लवंग मलुकूची, जायफळ बांदा बेटांचं. गोव्याच्या बंदरात खरा पैसा होता तो घोड्यांत. होर्मुझकडून येणारे अरबी, इराणी घोडे विजयनगरला आणि विजापूरला हवे असत. खेळात एकही घोडा नाही. पण घोड्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही.

खेळात आग नाही. वसाहत वसते, पण आधी तिथं कुणी राहत असल्याचा मागमूस नाही. अल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा दुसऱ्यांदा जिंकलं. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. महिन्याभरात त्यानं राजा मानुएलला पत्र लिहून मेलेल्यांचा आकडा कळवला : सहा हजार. आणि हे आमच्या दाभोळला तर त्याच्याही आधी कळलं होतं. १५०८च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या बापानं त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर वाटेतलं दाभोळ जाळलं. त्या लढाईत आमच्या गावाचा काही हात नव्हता. ते विजापूरच्या आदिलशाहीचं भरभराटलेलं बंदर होतं आणि वाटेत होतं, इतकंच. आज फेरीबोटीतून धोपाव्याला जाताना मी त्या खाडीच्या मुखाकडे बघतो, तेव्हा वाळूच्या होड्या आणि बगळे दिसतात.

भाचा म्हणाला, ‘‘मामू, हा खेळ आहे. इतिहासाचं पुस्तक नाही.’’ बरोबर आहे. बुद्धिबळात तरी प्याद्यांच्या बायका-मुलांचा विचार कोण करतो? पण बुद्धिबळात निदान प्यादं मरतं, हे दिसतं. इथं पटावर कुणी मरतच नाही. फक्त हिशेब वाढतो. लिस्बनच्या पेढीवर बसलेल्याला ते असंच दिसत असणार.

हा प्रश्न एकट्या मलाच पडला, असंही नाही. याच जातीचा ‘पोर्तो रिको’ नावाचा गाजलेला खेळ २००२ साली आला. त्यात ऊस, नीळ, तंबाखू, कॉफी यांचे मळे आणि त्यात राबायला जहाजानं येणाऱ्या तपकिरी चकत्या. नियमपुस्तकात त्यांना वसाहतकरी म्हटलं होतं. स्पेननं त्या बेटावरची गुलामगिरी रद्द केली १८७३ साली. तेव्हा त्या चकत्या कोण, हे खेळणाऱ्यांना कळत होतं. बरीच वर्षं लोक बोलत राहिले. २०२२ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, ती १८९७ सालात नेऊन ठेवलेली, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात. माझ्या मते हा अर्धाच उपाय झाला. खोली झाडायची सोडून आपण दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही वेगळा प्रयोग केला. पोर्तुगिजांनी या समुद्रावर परवान्याची पद्धत आणली होती, कार्ताझ म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त. पुढे मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागला. आम्ही ठरवलं, भाचा आणि त्याची बायको पोर्तुगीज, मी दाभोळचा नाखवा. माझ्या प्रत्येक जहाजामागे दोन नाणी परवाना, तोही त्यांच्याकडून घ्यायचा. द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

पहिल्या फेरीत सूनबाईनं लाजत पैसे घेतले. दुसरीत लाजली नाही. तिसरीत माझ्याकडे आलं भरपूर आहे हे पाहून तिनं परवानाच नाकारला आणि वर म्हणाली, ‘‘मामू, नियम आहे ना.’’ चौथ्या फेरीत माझे पैसे संपले आणि मी उठून चहा टाकायला गेलो. मागून दोघांचे लिलावाचे आवाज येत होते, चांगलेच रंगात आलेले.

भाच्यानं आमचा नियम कागदावर लिहून डब्यात ठेवलाय. म्हणतो, दोन नाणी जास्त होतात, पुढच्या सुट्टीत एक करून बघू. आपा म्हणाली, एक तरी कशाला?