ई-मेलने येणारी पैशांची पत्रे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



चिटणीसांनी मला या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, मी प्रशिक्षित पदवीधर शिक्षक, शाळेतील संगणकाचा वर्गही माझ्याकडे, म्हणजे मला यातले पुष्कळ कळत असणार. खरे कारण निराळे आहे व ते मी आरंभीच सांगून टाकतो. मी स्वतः या पत्रांना फसलेला मनुष्य आहे.

गोष्ट 2022 सालच्या पावसाळ्यातली. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा डिप्लोमा होऊन घरी बसला होता. त्याला आखातातील एका कंपनीच्या नावाने ई-मेल आला. नेमणुकीचे पत्र, शिक्का, सही, पगाराचा आकडा, सर्व काही त्यात होते. मुलाखत मात्र कोणी घेतलेली नव्हती. आपाने ते पत्र माझ्यापुढे ठेवले, कारण घरात शिकलेला तो मी. मी वाचले. इंग्रजीच्या चुका मला दिसल्या. जन्मभर वह्या तपासणाऱ्याला त्या दिसणारच. परंतु मीच त्यांना सूट दिली. म्हटले, मालक अरब, त्याचे इंग्रजी असेच असायचे. भाचा म्हणाला, "मामू, खरी कंपनी असती तर खर्च पगारातून कापून घेतला असता ना?" मी त्याला गप्प केले. व्हिसाचे म्हणून 12,500, वैद्यकीय तपासणीचे 8,000 आणि विम्याचे 18,000, मिळून 38,500 रुपये आम्ही पाठविले. आपाने त्यासाठी बांगड्या गहाण ठेवल्या. प्रत्येक वेळी पैसे निरनिराळ्या माणसांच्या बचत खात्यांत गेले, हेही मला खटकले नाही. नंतर पत्रे बंद झाली.

एवढ्यावर तरी मी शहाणे व्हावे! परंतु मी अकरा दिवस कोणाला काही सांगितले नाही. मास्तर फसला असे गल्लीत होईल, ही लाज. बाराव्या दिवशी तक्रार केली. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाऊन रोख काढले गेले होते. आज मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या अकरा दिवसांविषयी आहे.

ही युक्ती ई-मेलबरोबर जन्मली असे समजू नका. फ्रान्समध्ये आधी गुन्हेगार व पुढे पोलीस अधिकारी झालेल्या व्हिदोक याच्या आठवणी 1828 साली प्रसिद्ध होऊ लागल्या. तुरुंगातले कैदी श्रीमंतांना कशी पत्रे धाडीत, ते त्यांत आहे. पळताना धन्याचे द्रव्य लपवावे लागले, जागा मला ठाऊक आहे, तूर्त थोडा खर्च पाठवा, असा मजकूर. पुढे तोच 'स्पॅनिश कैदी' झाला. 1980 नंतर नायजेरियातून टपालाने व फॅक्सने तसलीच पत्रे येऊ लागली. तेथील दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमावरून त्यांना 'चारशे एकोणीस' म्हणतात. आपल्याकडच्या चारशेवीसचा हा शेजारी!

मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मक हर्ली यांनी 2012 साली एक विचार मांडला. पत्र इतके खुळचट का लिहितात? तर शंकेखोर माणूस पहिल्याच पत्राला गळून पडावा म्हणून. जो उरतो त्याच्यावरच पुढची मेहनत खर्च करावयाची. म्हणजे ज्या चुकांना मी सूट दिली ती त्यांची चाळणी होती, आणि त्या चाळणीत मी वर राहिलो. आता मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्दोष इंग्रजी काय, निर्दोष मराठीही लिहिता येते. तेव्हा भाषा शुद्ध म्हणून पत्र खरे, असे कोणी धरून चालू नये.

मग ओळखावे कसे? पैसे मिळण्याकरिता आधी पैसे भरा, असे जेथे असेल तेथे थांबावे. लॉटरी, वारसा, कर्ज, नोकरी, नाव कोणतेही असो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने तर अशी पत्रे सतत फिरतात. ती बँक सामान्य माणसाचे खाते ठेवीतच नाही, आणि परदेशी लॉटरीसाठी येथून पैसे पाठविणे परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही. घाई आणि गुप्तता ही दुसरी खूण. "आजच भरा, कोणास सांगू नका." खऱ्या कामात शेजाऱ्याला विचारण्याची मनाई नसते.

पत्ता कसा वाचावा हे मी मुलांना उर्दूच्या उदाहरणाने शिकवितो. पत्रावर दिसणारे नाव कोणीही कोणतेही घालू शकतो. खालचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा व तो उर्दूप्रमाणे उजवीकडून वाचावा. डावीकडे तुमच्या बँकेचे नाव असेल, पण उजव्या टोकाला 'अमुक डॉट कॉम' असेल, तर पत्र त्या अमुकाचे. रिझर्व्ह बँकेने आपल्या देशातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर यावयास सांगितले. तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. नोकरीच्या बाबतीत, परदेशी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते आणि ती 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. मला ते पाहावयास पाच मिनिटे लागली असती.

आता आपल्या ट्रस्टपुरते दोन शब्द, कारण येथील पैसा विद्यार्थ्यांच्या फीचा व विधवांच्या मदतीचा आहे. परदेशातील कोणी दानशूर आपल्याला लाखो डॉलर देऊ इच्छितो, फक्त 'प्रक्रिया शुल्क' भरा, असे पत्र आले तर खजिनदारांनी हुरळून जाऊ नये. परदेशी देणगी घ्यावयास 2010 च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. दुसरा प्रकार अधिक नाजूक. अध्यक्षांच्या नावाने पत्र येते: "मी सभेत आहे, फोन करू नका, या खात्यात ताबडतोब रक्कम भरा." किंवा मांडववाल्याच्या नावाने, "आमचे खाते बदलले." अशा वेळी पत्राला उत्तर न देता, आपल्या वहीतील जुन्या नंबरावर फोन करावा. अध्यक्षमहाराज रागावणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. आणि तरुणांनो, कमिशनच्या लोभाने आपले खाते दुसऱ्याला वापरावयास देऊ नका. आमचे 38,500 अशाच खात्यांतून गेले.

पैसे गेलेच तर 1930 हा नंबर फिरवावा, त्याच घटकेला. आपली बँक, खाते, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवावी. ती माहिती बँकांकडे जाते व पैसा वाटेत एखाद्या खात्यात उभा असेल तर तेथेच अडविला जातो. वाटेतून निघून गेला तर हाती फार थोडे राहते. लगोलग स्वतःच्या बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. बँकेला कळविल्यानंतर जे आणखी जाईल ते बँकेच्या माथी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने 2017 साली घालून दिला आहे. मग 2019 पासून चालू असलेल्या सरकारी संकेतस्थळावर, 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' येथे, तक्रार लिहावी किंवा पोलीस ठाण्यात जावे. पत्र रागाने पुसून टाकू नका, तोच पुरावा. पैसे गेले नसले तरी संशयित ई-मेल पत्ता त्या स्थळावर नोंदविता येतो.

आणखी एक. फसल्यानंतर काही महिन्यांनी मला पुन्हा पत्र आले. "आपली बुडालेली रक्कम परत मिळाली आहे, सोडवून घेण्यास 4,000 भरा." फसलेल्यांची नावे हे लोक जपून ठेवतात आणि एकमेकांना विकतात. ते पत्र मी आपाला वाचून दाखविले. ती म्हणाली, "या वेळी आधी मला दाखवलंस, बरं केलंस."

ज्यांच्या मोबाईलमध्ये असे एखादे पत्र पडून असेल त्यांनी चहानंतर पुस्तकपेढीच्या टेबलाशी यावे. मी व माझे दोन विद्यार्थी तेथे पाच वाजेपर्यंत बसणार आहोत. ज्यांना चारचौघांत बोलावयाचे नसेल त्यांच्यासाठी शेजारची खोली चिटणीसांनी उघडून ठेवली आहे.