वहीचं शेवटचं पान

सावंतवाडीकडच्या एका गावातल्या ताईंची गोष्ट आज सांगणार आहे. नाव सांगत नाही, पण त्यांच्या पडवीत तुम्हांला घेऊन जातो. पडवीत भिंतीला लागून लांबच लांब फळी. फळीवर आमसुलं, आगळ, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, कैरीचं लोणचं, लाडू, तिरफळं, आणि टोकाला घरी शिवलेल्या कापडी पिशव्या. मी मोजत गेलो. तेवीस जिन्नस भरले.

छोट्या उद्योगांच्या प्रशिक्षणवर्गात मी अधूनमधून बोलायला जातो. तिथली ओळख. ताईंनी घरी बोलावलं ते एक प्रश्न विचारायला. पहाटे चारला उठतात, रात्री अकराला पाठ टेकतात, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. तेव्हा, चोविसावा जिन्नस कुठला काढू?

आपल्याकडे एक म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. ती इथे लागू पडत नव्हती. मी चाखून बघितलं ना! सगळंच धड होतं. त्याच अडचणीवर ताईंनी स्वतः बोट ठेवलं. म्हणाल्या, "माका सगळा येता सर, ह्योच माझो घोळ."

अशा माणसाला मदत करायची म्हणजे काय करायचं? आपण काय करतो, ते सांगतो. गावाला गेलेला पाहुणा सोलकढी पिऊन म्हणतो, "वहिनी, हे बाटलीत भरून विका." मुंबईचा भाचा म्हणतो, "मावशी, साबण का नाही करत?" सगळे प्रेमानं बोलतात. पण त्यातल्या प्रत्येकानं ताईंच्या फळीवर एकेक बरणी वाढवलेली असते. फळीवरची एखादी बरणी खाली उतरवायला मात्र कुणी थांबत नाही.

इथे मला मुंबईच्या गिरगावातली एक गच्ची आठवते. १५ मार्च १९५९. सात गुजराती गृहिणी त्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. 'लिज्जत' पापडाची ही सुरुवात बहुतेकांना ठाऊक आहे. माझं लक्ष असतं ते ऐंशी रुपये देणाऱ्या माणसाकडे. ते समाजकार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा. सुरुवातीला या बहिणी दोन प्रतींचा पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. हिशेब चोख ठेवा. हा धंदा आहे, धंद्यासारखाच चालवा. पैसेही दिले ते कर्जाऊ, देणगी म्हणून नव्हे.

बघा, अडचणीतल्या माणसाला दोनाचं एक करा म्हणून सांगणं किती अवघड असतं! 'स्वस्तातला माल बंद करा' म्हणजे हातातलं गिऱ्हाईक सोडा. पण त्या सल्ल्यानं एक झालं. उद्या काय करायचं, याचा रोजचा घोर संपला. करायचा तो पापडच, आणि तोही कालच्यासारखा. मग डोकं मोकळं राहिलं ते खऱ्या अडचणीसाठी. पहिल्याच वर्षी पावसानं चार महिने काम बंद पाडलं, कारण पापड वाळेना. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणली, एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पाऊस पडत राहिला, पापड वाळत राहिले. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. पापडाच्या जोडीला खाखरा आला तो १९७४ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं एकच पापड! पुढे मसाले आले, आणखी काही आलं. अगरबत्ती आणि आगपेट्याही करून पाहिल्या, त्या जमल्या नाहीत. पण त्या न जमण्यानं संस्था हलली नाही, कारण पाया एकाच जिन्नसावर पक्का बसलेला होता.

तर ताईंना मी म्हटलं, चोविसाव्याचं नंतर बघू, आधी वही आणा. वही होती, पण तीत फक्त कच्च्या मालाचा खर्च आणि विक्री. मी विचारलं, "तुमची मजुरी कुठे लिहिता?" त्या हसल्या. घरच्या माणसाची मजुरी कसली?

श्रोतेहो, छोटा उद्योग गळतो तो बहुतेक वेळा इथूनच. साखरेचा पैसा दिसतो, बरणीचा दिसतो, स्वतःचे तास दिसत नाहीत. मग लाडवाला फायदा दिसतो, पण त्या लाडवांनी अख्खी दुपार खाल्लेली असते. आम्ही पानावर रेघा मारल्या. जिन्नस कुठला, त्याला तास किती गेले, खर्च वजा जाता पैसे किती सुटले, आणि न बोलावता परत मागायला कोण आलं. ताईंना म्हटलं, दोन महिने एवढंच लिहा. काही बंद करू नका, काही नवं काढू नका.

दोन महिन्यांनी वहीच बोलली. मालवणी मसाला नेणारा दर महिन्याला परत येत होता. आगळ एक खानावळ नेमानं नेत होती. पिशव्यांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खाल्ल्या होत्या आणि घेणारी माणसं होती नात्यातलीच. आणि आंबापोळी? तिला तास सगळ्यांत जास्त, पैसे सगळ्यांत कमी. ऊन बघा, थर द्या, मुंग्या राखा. पण ती ताईंना सासूनं शिकवलेली. त्या पानाकडे बघून त्या गप्प झाल्या.

आता वहीचंच ऐकायचं तर आंबापोळी बंद. पण वहीचं आंधळेपणानं ऐकू नये, हे सांगायला आपल्याकडे एक मोठा माणूस आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेला हा माणूस लोखंडी नांगराकडे वळला, तेव्हा पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. विक्रीची वही पाहून कुणीही सांगितलं असतं, सोडा हा नाद. पण शेतकरी का घेत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. लोखंड जमिनीत विष कालवतं, अशी समजूत होती. नांगर आपलं काम चोख करत होता. अडत होतं ते भीतीपाशी, आणि भीती काळानं जाते. गेलीही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणून वहीत आकडा कमी दिसला की लगेच खोडायचं नाही, आधी 'का' विचारायचं. पिशव्यांना गिऱ्हाईक नव्हतं, कारण तशा पिशव्या बाजारात कुठेही मिळतात. आंबापोळीला गिऱ्हाईक होतं, फक्त ताई ती लाजेखातर स्वस्तात देत होत्या. तेव्हा ठरलं असं. मसाला आणि आगळ बारमाही. आंबापोळी फक्त हंगामात, आगाऊ मागणी असेल तेवढीच, आणि तिच्या श्रमाला साजेल अशा भावानं. पिशव्या बंद. बाकीचे जिन्नस एकेक करून उतरवत न्यायचे. यातला एकही निर्णय मी दिला नाही. मी फक्त प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. धडपड्या माणसाच्या उत्साहाला बांध घालू नये. पाट काढून द्यावा.

राहता राहिला चोविसावा जिन्नस. नव्या कल्पना काही थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. त्यासाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं. डोक्यात आलं की तिथे तारीख घालून लिहायचं आणि वही मिटायची. ते पान उघडायचं वर्षातून एकदा, गणपती झाल्यावर.

मागच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो होतो. फळीवर सहा जिन्नस होते आणि उरलेल्या जागेत मसाल्याच्या पिशव्या ओळीनं रचलेल्या. श्रीमंती आली नव्हती, पण रात्री नऊला चूल विझत होती. बोलता बोलता मीच चुकलो. म्हटलं, "ताई, तुमचं हे तिरफळाचं लोणचं छान झालंय, हे विकायला काढा की!"

त्यांनी वही ओढली, शेवटचं पान उघडलं, तारीख घातली, लिहिलं आणि वही मिटली. "गणपती झाल्यार बघूया," म्हणाल्या, आणि मसाला वजन करायला बसल्या.