खेळ घडविणाऱ्यांचा व्यवसाय



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'व्हिडिओ गेमचे प्रोग्रॅमिंग : एक व्यवसाय' असे कळविले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "विषय हाच ना? छापायला देऊ?" त्यांच्या आवाजातील काळजी मला समजली. काल याच व्यासपीठावरून आपण उपनिषदांविषयी ऐकलेत, उद्या सहकारी चळवळीविषयी ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये हा पोरखेळ कशाला, असे त्यांना वाटले असेल तर त्यात त्यांची काहीच चूक नाही.

परंतु या विषयाला एक निमित्त घडले आहे. गेल्या दिवाळीत माझ्या वडिलांचे जुने स्नेही, कापडाचे व्यापारी, आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावीत, गणितात हुशार. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही या धंद्यात पंधरा वर्षे काढलीत. याला जरा समजवा. तीन पिढ्या आम्ही लोकांना कापड दाखवतोय, आणि हा म्हणतो, मी लोकांना खेळवणार!" मुलगा पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला होता. मी त्याला एवढेच विचारले, "खेळतोस किती आणि करतोस किती?" त्याने उत्तर दिले नाही. मी त्याला एक काम दिले : सहा आठवड्यांत संगणकावर कॅरम करून दाखव. चित्रे साधी चालतील, आवाज नसला तरी चालेल. पण खेळ पुरा झाला पाहिजे. त्या कॅरमचे काय झाले ते पुढे सांगेन. आजचे माझे बोलणे मुख्यत्वे त्या वडिलांशी आहे, असे समजावे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'ऑनलाइन गेम' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळले जाणारे पत्ते येतात, आणि त्यापायी कर्जबाजारी झालेली घरे येतात. ते खेळ निराळे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला, आणि त्याच कायद्यात इतर खेळांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या वर्गाविषयी.

या वर्गाचा जन्म जुगाराच्या अड्ड्यावर झालेला नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या दिवसासाठी एक टेनिसचा खेळ रचला. ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका, मध्ये जाळी म्हणून एक रेघ, बस्स. लोक त्यापुढे रांग लावून उभे राहिले. पुढे १९६२ साली एम. आय. टी. मधल्या तरुणांनी 'स्पेसवॉर' केला. म्हणजे पहिले खेळ करणारी मंडळी गणित आणि विद्युत् यंत्रे यांत मुरलेली होती, आणि आजही या धंद्याची खरी नाडी तीच आहे.

हे म्हणजे नक्की काय, ते थोडे खोलात जाऊन सांगतो. आपण नाटकाला जातो. तिसरी घंटा होते, पडदा वर जातो. पडद्यामागे कोणी दिवे सांभाळतो, कोणी दोर ओढतो, कोणी पुस्तक धरून बसतो. त्यांचे काम एकदा जमले की प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडतो. आता अशी कल्पना करा की प्रेक्षकांतला एक जण मनाला येईल तेव्हा रंगमंचावर चढतो, मनाला येईल ती खुर्ची उचलतो, खिडकीतून उडी मारतो, आणि तरीही नाटक थांबता कामा नये. प्रोग्रॅमरचे काम हे असले असते. खेळणाऱ्याने काय केले ते पाहायचे, त्यामुळे खेळातल्या जगात काय बदलले ते मोजायचे, आणि ते जग पुन्हा रंगवायचे. आणि हे सारे सेकंदाला साठ वेळा. एका चित्राला, ज्याला आम्ही फ्रेम म्हणतो, सुमारे १६.६७ मिलिसेकंद मिळतात. बँकेच्या संगणकाला खात्याचा हिशेब करायला अर्धा सेकंद जास्त लागला तर कोणी ओरडत नाही. इथे तेवढ्यात तीस चित्रे बुडतात.

आपणां सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. क्रिकेटचा खेळ करायचा आहे. गोलंदाज वेगवान, चेंडूचा वेग ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. साठाने भागा. दोन चित्रांच्या मधल्या काळात चेंडू सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे जातो. आता बॅटीची जाडी किती? जिथे ती सर्वांत जाड, तिथेही सात सेंटिमीटरांपेक्षा कमी. चेंडूचा व्यास त्यात मिळविला तरी चौदा. संगणक जर प्रत्येक चित्रात 'चेंडू आत्ता बॅटीला लागला आहे काय?' एवढेच विचारत बसला, तर एका चित्रात चेंडू बॅटीच्या पुढे असतो आणि दुसऱ्यात मागे. बॅट स्थिर धरली तर पाचांपैकी जवळजवळ चार चेंडू लाकडातून आरपार जातील, आणि फलंदाज बिचारा त्रिफळाचीत! हा दोष सांकेतिक लिपीचा नव्हे. विचारलेला प्रश्नच चुकला. 'चेंडू कोठे आहे' असे न विचारता 'तो कोठून कोठे गेला' असे विचारावे लागते. मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंत रेघ काढून ती बॅटीला छेदते का ते पाहावे लागते. हे ज्याला स्वतःच्या डोक्याने सुचते, आणि सुचल्यावर त्या रात्री झोप येत नाही, तो मुलगा या धंद्याचा.

दुसरे असे की, खेळात हजार वस्तू असल्या आणि कोण कोणावर आदळतो ते पाहायचे असले, तर जोड्या होतात ४,९९,५००. सेकंदाला साठ वेळा म्हणजे जवळजवळ तीन कोटी तपासण्या. मग आमचे लोक काय करतात? पोस्टमन करतो तेच. टपाल आधी गल्लीवार लावायचे. मैदानाचे चौकोन पाडायचे आणि ज्याच्या त्याच्या शेजारच्या चौकोनांतच चौकशी करायची.

किंवा एखादा पहारेकरी चोराला पाहू शकतो की नाही हे ठरवायचे आहे. बारावीच्या पुस्तकात सदिश आणि त्यांचा अदिश गुणाकार असतो. मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात. पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा आणि त्याच्यापासून चोराकडे जाणारी दिशा यांचा गुणाकार करा. उत्तर धन आले तर चोर समोर, ऋण आले तर पाठीमागे. सपाट जमिनीवर दोन गुणाकार आणि एक बेरीज, बस्स. 'याचा उपयोग काय?' असे वर्गात विचारणाऱ्या मुलाला मी हा पहारेकरी दाखवितो.

कधी कधी यंत्राची दुर्बलताच कामाला येते. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. शत्रूंची पलटण पडद्यावर हलविताना यंत्र मेटाकुटीला येई. शत्रू मरत गेले की ओझे कमी होऊन उरलेले आपोआप भराभर पळू लागत. त्यांनी तो दोष न मानता तसाच ठेवला, आणि त्यानेच खेळाला रंगत आली.

येथवर ऐकून त्या मुलाचे डोळे चमकतील. आता वडिलांनी ऐकायची बाजू.

हा धंदा स्थिर नाही. जगभर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दहा-दहा हजारांहून अधिक माणसांना या उद्योगातून घरी पाठविल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. खेळ बाहेर पडण्याची तारीख जवळ आली की रात्रंदिवस राबविण्याची वाईट चाल आहे; २००४ साली अमेरिकेतील एका कामगाराच्या वाग्दत्त वधूने त्याविरुद्ध नाव न देता जाहीर पत्र लिहिले आणि मोठा गहजब झाला, परंतु ती चाल पुरती गेली असे मी म्हणणार नाही. आणि माझ्यापुरते सांगायचे, तर एका कंपनीत आम्ही चाळीस जणांनी अडीच वर्षे एक खेळ घडविला. एका गुरुवारी सकाळी सर्वांना एका खोलीत बोलावले आणि खेळ रद्द झाल्याचे सांगितले. करार गुप्ततेचा, त्यामुळे केलेले काम कोणाला दाखवायची सोय नाही. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडील म्हणाले, "अरे, अडीच वर्षे केलेस ते दाखव तरी." माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. नोकरी गेल्याचे मला वाटले नसेल एवढे त्या वाक्याचे वाटले. पुढचे सात महिने घर माझ्या पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. मग कारखान्यातील कामगारांना पडद्यावर यंत्रे चालवायला शिकविणारे प्रोग्रॅम करण्याचे काम मिळाले. ते मिळाले, याचे कारण तेच गणित आणि तीच सी प्लस प्लस भाषा तिथेही चालत होती. दोन वर्षांनी मी पुन्हा खेळांकडे वळलो. का वळलो, हे पत्नीला अजून नीट सांगता आलेले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, मुलाने संगणकाची सर्वसाधारण पदवी घ्यावी. गणित, भौतिकशास्त्र आणि एक भाषा मुळापासून शिकावी. 'सहा महिन्यांत गेम डेव्हलपर' अशी पाटी लावून लाखांची फी मागणाऱ्या संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी पुरे केलेले खेळ मागून पाहावेत. टाळाटाळ झाली की उठून यावे. साधने आज फुकट मिळतात. गोडो नावाचे इंजिन तर कोणालाही मोकळे आहे. युनिटी आणि अनरील यांवरही शिकण्यासाठी दमडी लागत नाही. नोकरी देणारा प्रथम पाहतो तो पुरा केलेला एक लहान खेळ. अर्धवट सोडलेले दहा भव्य खेळ तो पाहत नाही.

काम मिळवायला साता समुद्रांपलीकडे जावे लागते असेही नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ आपल्याकडे घेतला. परक्यांच्या खेळांची कामे इथे पुष्कळ झाली. पण २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने 'राजी' नावाचा खेळ काढला. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधीत निघते, आणि दुर्गा व विष्णू तिच्या वाटचालीकडे पाहत बोलत असतात. तत्पूर्वी २०१७ साली लोकांकडून वर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला. पुण्याच्या त्या मंडळींविषयी मला थोडा मत्सर वाटतो, हे कबूल करतो.

आता ते कॅरम. सहा आठवड्यांऐवजी नऊ आठवडे लागले. पहिल्या प्रतीत स्ट्रायकर जोराने मारला की सोंगटीतून पलीकडे जाई. मुलाने फोन केला, "काका, हळू मारला तर लागतो, जोरात मारला तर लागत नाही. असं कसं?" मी कारण सांगितले नाही, चित्रे एकेक करून थांबवून बघ, एवढे म्हणालो. चौथ्या दिवशी त्याला स्वतःलाच उमगले.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याच्या वडिलांचा फोन आला. दुकान बंद करून ते मुलाचे कॅरम खेळत बसले होते. म्हणाले, "अहो, मी राणी घेतली, वर कव्हर घेतलं नाही, तरी राणी माझ्याच नावावर! हे काय कॅरम झालं?" मी मुलाला कळविले. तो म्हणाला, "बाबांना म्हणावं, चुका लिहून ठेवा." दुकानातल्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी त्या लिहायला घेतल्या आहेत, परवापर्यंत अकरा झाल्या होत्या.